पैलवानाचं न वाढलेलं पान

तो सगळा प्रकार आजही जसाच्या तसा डोळ्यांसमोर येतो. नोकरीतल्या कितीतरी गोष्टी आता पुसट झाल्या, पण ही एक पुसट होऊ नये असं मला मनापासून वाटतं. पोलिसाच्या आठवणी म्हटल्या की लोकांना गोळीबार आणि पाठलाग हवा असतो. या प्रकरणात गोळीबार भरपूर झाला, पण तो सिनेमाचा होता. खरा उलगडा झाला तो एका म्हातारीच्या घरात, वड्यांच्या वासात. नावं कुणाचीच सांगणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि ज्यांना ओळखता येणार नाही त्यांचं काही अडणारही नाही.

मी तेव्हा बीड जिल्ह्यात, गोदावरीच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. आमच्या हद्दीत एका गुंडाचं नाव अजून दबक्या आवाजात निघायचं. सगळे त्याला पैलवान म्हणत. तालमीत तो किती दिवस गेला देव जाणे, पण दुकानदारांकडून हप्ते, नदीतली वाळू, दुसऱ्याच्या जमिनी, यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. मी तिथे बदलून जाण्याच्या बऱ्याच आधी त्याचा खून झाला होता. निदान कागदोपत्री तरी तसं होतं.

प्रकरण असं होतं. ऐन पुरात गोदावरीच्या पुलावर पैलवानाची जीप सापडली. सीटवर रक्त, कठड्यावर रक्त, आणि माणूस नाही. त्याच्याच दोन माणसांनी सांगितलं, की त्याच्या जुन्या ड्रायव्हरनं त्याला सुऱ्यानं भोसकून नदीत ढकललं आणि आम्ही ते डोळ्यांनी पाहिलं. या ड्रायव्हरनं त्याआधी काम सोडून खंडणीच्या एका गुन्ह्यात पैलवानाविरुद्ध पोलिसांना जबाब दिला होता. म्हणजे वैर तर होतंच. रक्त लागलेला सुरा ड्रायव्हरच्या गोठ्यात निघाला. प्रेत शेवटपर्यंत मिळालं नाही. घरच्यांनी दर्भाची प्रतिमा करून तिला अग्नी दिला, दहावा केला, तेरावं केलं, गाव जेवलं. कोर्टानं ड्रायव्हरला जन्मठेप दिली. त्याचं अपील उच्च न्यायालयात पडून होतं आणि तो हर्सूलच्या तुरुंगात.

अशात मुंबईच्या एका कंपनीला पैलवानाच्या आयुष्यावर सिनेमा काढायची हुक्की आली.

ही बातमी मला पहिल्यांदा दिली ती ड्रायव्हरच्या बायकोनं. तेलगाव रस्त्यावरच्या एका गावात ती राहायची, दिराच्या कुटुंबाबरोबर ऊसतोडीला जायची. सकाळी ठाण्यात हजेरी चालू होती तेव्हाच ती दारात येऊन उभी राहिली. खुर्ची दिली तर बसेना.

"साहेब, माझ्या मालकाला सिनेमात खुनी दाखवायलेत. तेवढं बंद करा."

मी तिला सांगितलं, सिनेमा बंद करणं पोलिसांच्या हातात नसतं, त्यासाठी कोर्टात जावं लागेल.

"कोर्टात गेलते की. हे सगळं कोर्टातूनच तर आलं," ती म्हणाली. "एकदा खुनी म्हणलं, ते सोसलं. आता गावोगावी पडद्यावर म्हणणार. पोरगी लग्नाला आली हाय माझी. तिला कोण करील साहेब? ह्यानी खून केला न्हाई. मी बायको हाय म्हून म्हणत न्हाई, त्या दिशी तापानं अंग भाजत होतं त्येंचं. चटईवरून उठता येईना गेलतं."

कैद्याची बायको असंच म्हणणार, हे कुठलाही पोलीस डोळे झाकून सांगेल. मीही तिचा अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि तिला चहा पाजून परत पाठवलं. पण तापाचं ते सांगणं डोक्यात राहिलं. खोटं सांगणारा माणूस मोठं काहीतरी सांगतो. हे फारच साधं होतं.

पुढच्याच आठवड्यात शूटिंगवाले आले. गाड्या, दिवे, छत्र्या, जेवणाचे तंबू, आणि पैलवानाचं काम करणारा नट. काय तो रुबाब! अस्सल पैलवान त्याच्यापुढे पाणक्या वाटला असता. गावाची मात्र गंमत बघण्यासारखी होती. ज्या किराणा दुकानदाराला पैलवानानं भर बाजारात कानफटात वाजवली होती, तोच नटाच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढून घेत होता, आणि तो फोटो मोठा करून त्यानं गल्ल्याच्या वर लावला. मी त्याला म्हटलं, "कानफटात मारतानाचा असता तर अजून शोभला असता." तो हसला, पण फोटो काही काढला नाही. नाचगाण्याचं शूटिंग कपिलधारच्या धबधब्यापाशी झालं. पैलवान आयुष्यात कधी नाचला असेल असं मला वाटत नाही, पण आपण कशाला बोलायचं! आमच्या वाट्याला बंदोबस्त आणि खोट्या बंदुकांची परवानगी, एवढंच काम होतं.

त्या परवानग्यांसाठी कंपनीची सहायक दिग्दर्शक ठाण्यात यायची. पुण्याकडची तरुण मुलगी, चुणचुणीत, पायाला भिंगरी. कामाच्या बाबतीत इतकी चोख, की असे दोन फौजदार मिळाले असते तर मी निवृत्ती पुढे ढकलली असती. एका दुपारी ती वैतागूनच आली.

"सर, तुमच्या गावात कुणालाच काही माहीत कसं नसतं?"

"पोलीस विचारतात तेव्हाही नसतं," मी म्हटलं. "काय हवंय?"

तिनं सांगितलं. सिनेमाची सुरुवातच अशी होती, की पितृपंधरवड्यात पैलवानाची आई त्याचं पान वाढते, आणि पान वाढता वाढता तिला सगळं आठवत जातं. मुलीला तो प्रसंग अगदी खरा करायचा होता. पैलवानाचं पित्तर कोणत्या तिथीला असतं, पाटावर कुणाला बसवतात, पानात काय काय वाढतात, हे विचारत ती गल्लीभर हिंडली होती.

"एक जण म्हणतो चतुर्दशीला, एक म्हणतो अमावास्येला. बाकीचे म्हणतात, आम्हाला कधी बोलावलंच नाही. शेवटी आजींनाच विचारलं, तर त्यांनी मला घराबाहेर घालवलं. सर, नुसती तिथी विचारली हो मी."

मी कप खाली ठेवला. ती बोलत राहिली, पण मला पुढचं ऐकू आलं नाही.

मी याच जिल्ह्यातला. आमच्याकडे माणूस बाकी काहीही विसरेल, पण घरातलं पित्तर विसरणार नाही. गेलेल्याच्या तिथीला त्याच्या नावाचं पान वाढायचं, त्याच्या जागी कुणाला तरी पाटावर बसवून जेवू घालायचं, टॉवेल-टोपी द्यायची, कावळ्याला घास ठेवायचा. ऊसतोडीला जाणारी माणसंसुद्धा पित्तरं उरकतात आणि मगच दसऱ्याला कोयत्याची पूजा करून निघायच्या तयारीला लागतात. भावाभावांत बोलणं नसलं तरी बापाच्या पानाला दोघं येतात. आणि इथे अख्खा तालुका ज्याला भीत होता, त्या माणसाचं पान कोणत्या तिथीला असतं हे शेजाऱ्याला ठाऊक नाही! घातपातानं गेलेल्याचं चतुर्दशीला घालतात, ते ठीक. पण चतुर्दशीला का होईना, घातलेलं कुणी पाहिलं होतं का?

ठाण्यात पाटोद्याकडची एक महिला शिपाई होती. बोलण्यात कुणाला ऐकायची नाही. परेडला उशीर करायची म्हणून मी तिच्यावर ओरडत असे, पण कुठल्याही घरात गेली की चुलीपर्यंत पोचायची, आणि आमच्या कामात त्याला मोल आहे. तिला साध्या साडीत त्या गल्लीत पाठवलं. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर ती आली.

"साहेब, शेजारीण दरसाल त्यांच्याकडं वडे तळायला जाती. म्हाताऱ्याचं, म्हंजे पैलवानाच्या बापाचं पित्तर कधी चुकलं न्हाई म्हणती. पोराचं एकदाबी न्हाई. चौदसीला न्हाई, आवसेलाबी न्हाई. तिनं एकदा इचारलतं, तर म्हातारीनं वर्षभर बोलणं टाकलं तिच्याशी."

"शेजारणीला काय वाटतं?"

"तिला वाटतंय, म्हातारीच्या काळजाला लई लागलंय म्हून घालीत न्हाई. पर साहेब, ज्याच्या काळजाला लागतंय ती बाई तर आधी घालती."

ती बरोबर बोलत होती. मी आधी दोन्ही साक्षीदारांना बोलावून, वेगवेगळं बसवून जुनी हकीकत पुन्हा विचारली. दोघांनी कोर्टात सांगितलेलं सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं, शाळेत कविता म्हणतात तसं. पाहिलेलं सांगणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो. त्याला मध्येच काहीतरी नवं आठवतं, एखादी गोष्ट मागेपुढे होते. यांचं काहीच हललं नव्हतं. माझा संशय पक्का झाला, पण संशयावर कोर्ट चालत नाही.

पोलीस अधीक्षकांना भेटलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. "पित्तर घातलं नाही, हा पुरावा म्हणून सादर करणार का?"

"नाही साहेब. फक्त म्हातारीला विचारायची परवानगी द्या."

"द्यायची कशाला, विचारा. पण जपून. सिनेमावाले आहेत, पेपरवाले आहेत," ते म्हणाले. या साहेबांचे उपकार मी मानतो. दुसरा असता तर मला आजारी रजेवर जायला सांगितलं असतं.

वय झालेल्या बाईला कायद्यानं ठाण्यात बोलावता येत नाही. तिच्या घरी जाऊन, महिला पोलीस बरोबर ठेवून विचारावं लागतं. मी मुद्दाम म्हाताऱ्याच्या पित्तराचा दिवस निवडला. आम्ही दुपारी गेलो तेव्हा जेवणं उरकली होती, पाटावर बसलेला पाहुणा टॉवेल-टोपी घेऊन निघाला होता. म्हातारी घरात एकटीच राहायची. सून मुलाबाळांना घेऊन केव्हाच माहेरी गेली होती. पोलीस पाहूनही ती गडबडली नाही.

"या साहेब. म्हाताऱ्याचं पित्तर हाय. इन्मुख जाऊ नका."

कामावर असताना ज्याचा जबाब घ्यायचा त्याच्या घरी जेवायचं नाही असा माझा नियम होता. पण पित्तराच्या घरून उपाशी उठणं जमलं नाही. खिरीची वाटी घेतली. माझी शिपाईण तोवर आत जाऊन उरलेले वडे झाकून ठेवायला लागलीसुद्धा होती.

"आजी," मी म्हटलं, "पान एकच वाढलं व्हय?"

"मग किती वाढायची? म्हातारा एकच होता."

"पोराचं चौदसीला घालता?"

ती पदरानं पाट पुसत राहिली. आधीच पुसलेला पाट.

मी विषय बदलला. ड्रायव्हरच्या आईची चौकशी मी करूनच गेलो होतो. "ती बी गेली म्हणं, पोरगा तुरुंगात असतानाच. तुमच्या ओळखीची होती का?"

म्हातारीचा हात थांबला. "वळख? आमी एका टोळीत ऊस तोडलाय साहेब. माझं पोर आन् तिचं पोर, दोघं एका पाचटात निजवलेत. मी मोळ्या वाहिल्या तर ती बघायची, ती गेली तर मी बघायची."

"तिला पोराच्या हातचं पाणी मिळालं न्हाई. अग्नीला सोडलं न्हाई त्याला. आता तिचं पान सून वाढती. तो आत भिंतीला टेकून बसत असंल त्या दिशी." मी सावकाश बोलत होतो. "आजी, तिचं पोर कुठं हाय ते मला ठाव हाय. तुमचं कुठं हाय?"

पोलिसाच्या नोकरीत मी पुष्कळ माणसं कबूल होताना पाहिली. कुणी ओरडतं, कुणी पाय धरतं, कुणी उलट शिव्या देतं. ही बाई तसलं काहीच करेना. पाट भिंतीला उभा करून ठेवला, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "जित्या पोराचं पान कसं वाढू साहेब?"

आत वड्यांच्या टोपल्यावर झाकण ठेवणारी शिपाईण तशीच दारात येऊन उभी राहिली.

"जाताना पोरगा मला म्हणला, आये, माझा दर्भाचा बाहुला जाळत्याल तवा तू नुसतं रडायचं, बाकीचं मंडळी करत्याल. रडले. रडायला काय, येतंच की रडू. दहावा त्येनीच केला, तेरावं त्येनीच केलं. पर पित्तराचा सैपाक माझ्या हातचा. पुतणे म्हणले, घाल काकू, लोक काय म्हणत्याल. मी म्हणलं, मला फाशी द्या. जितं लेकरू हाय, त्येच्या नावानं कावळ्याला घास ठेवू? कुठली आई ठेवील?"

मग ती रडली. बाहुला जाळताना रडली असेल त्याहून वेगळं असणार ते. शिपाईण तिच्याजवळ जाऊन बसली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

"त्या माउलीचं पोर माझ्यामुळं सडलं," म्हातारी म्हणाली. "रोज वाटतंय सांगावं. पर सांगितलं की माझं पोर मारत्याल पोलीस. गोळी घालत्याल."

"आजी, त्याला मारायचं काम त्या सिनेमावाल्यांनी घेतलंय," मी म्हटलं. "मला तो जिवंतच पाहिजे. जिवंत असला तरच त्या माउलीचं पोर सुटतंय. माझा शब्द हाय, त्याच्या अंगाला धक्का लागणार न्हाई."

तिनं पदरानं डोळे पुसले. मग सांगितलं. गाणगापूरच्या वाटेवर, कर्नाटकात, त्याचं जेवणाचं हॉटेल होतं, नाव बदलून. गाणगापूरला दर्शनाला जाते म्हणून ती एकदा त्याला पाहून आली होती. दत्ताचं दर्शन घ्यायचं राहूनच गेलं होतं, याचंही तिला वाईट वाटत होतं.

तिचा जबाब तिथेच लिहून घेतला, पुढे मॅजिस्ट्रेटसमोरही नोंदवला. नंतर स्थानिक गुन्हे शाखेचं पथक घेऊन मी गाणगापूरच्या वाटेला लागलो.

हॉटेल सापडायला वेळ लागला नाही. भर दुपारी यात्रेकरूंच्या गाड्या उभ्या, आत पंगती चाललेल्या. गल्ल्यावर एक जाडजूड माणूस, काळे केलेले केस, कपाळाला अंगारा. अंगावर अर्ध्या बाहीचा सदरा होता आणि डाव्या हाताच्या कोपराखाली जुन्या जखमेचा लांबलचक वण. जीपमधलं ते रक्त कुठून आलं, ते मला तिथेच कळलं. मी चहा मागवला, पिऊन झाला आणि गल्ल्यापाशी गेलो.

"पैलवान, उठा. बीडहून आलोय."

तो उठला नाही, हललाही नाही. त्या नावानं त्याला कित्येक वर्षांत कुणी हाक मारली नसावी. माझ्या माणसांनी दोन्ही बाजू धरल्या, तेव्हा एवढंच म्हणाला, "कुणी सांगितलं?" मी त्याला गाडीत बसवायला सांगितलं.

तिथल्या कोर्टातून ताबा घेऊन आम्ही निघालो. अर्ध्या वाटेत तो हळूच म्हणाला, "साहेब, त्या पिच्चरमदी शेवट कसा दावलाय?"

"पुलावरून पडता तुम्ही."

"पडताना भेदरलेला तर दावला न्हाई ना?"

गाडीतले शिपाई तोंड फिरवून हसले. मला हसू आलं नाही. एक माणूस इतकी वर्षं त्याच्या जागी गजाआड होता, आणि याला पडद्यावरच्या तोंडाची काळजी.

त्याच्या बोटांचे ठसे जुन्या अटकेपासून आमच्याकडे होतेच. ते जुळले, आणि मग त्याला बोलावंच लागलं. विरोधी टोळी मागावर होती, वॉरंटं निघाली होती. मेलेल्याला कुणी शोधत नाही, आणि जाता जाता फितुरालाही धडा बसेल, असा त्याचा हिशेब होता. हात कापून रक्त त्यानं स्वतःच सांडलं, सुरा चुलत भावांनी, म्हणजे म्हातारीच्या पुतण्यांनी, गोठ्यात ठेवला. बायकोलासुद्धा त्यानं खरं सांगितलं नव्हतं. ती बिचारी माहेरी खरंच विधवा म्हणून जगत होती. दोन्ही साक्षीदारांना मी त्याच्यासमोर आणून उभं केलं. ते पाठ केलेली कविता एका क्षणात विसरले. एक तर खालीच बसला.

उच्च न्यायालयात सगळं सादर झालं. ज्याच्या खुनाची शिक्षा चालू होती तोच माणूस धडधाकट हजर, त्यापुढे काय उरतं? तरी कागदांना चालायला वेळ लागतोच. ड्रायव्हर सुटला त्या दिवशी मी हर्सूलला गेलो होतो. गरज नव्हती, पण गेलो. त्याची बायको आणि मुलगी दाराशी उभ्या होत्या. तो बाहेर आला, आधी मुलीकडे बघत राहिला. सोडून गेला तेव्हा ती परकरात होती. मग माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला धरलं आणि म्हटलं, "माझ्या नको. पडायचंच असेल तर एका म्हातारीच्या पड."

सिनेमाचं म्हणाल, तर त्यांची पार तारांबळ उडाली. त्या सहायक दिग्दर्शक मुलीचा फोन आला, "सर, आमचा हिरो जिवंत निघाला! आता शेवट बदलावा लागणार." शेवट बदलला, ड्रायव्हर निर्दोष दाखवला. बीडला सिनेमा लागला तेव्हा ड्रायव्हरच्या बायकोनं पहिल्याच दिवशी मुलीला नेऊन दाखवला. पुढे त्याच मुलीच्या लग्नात ती सहायक दिग्दर्शक पुण्याहून आली होती. आणि दुकानदारानं गल्ल्यावरचा फोटो गुपचूप काढला, तिथे बालाजी लावला. मी सिनेमावाल्यांना आधी नावं ठेवत होतो. पण ती पोर तिथी विचारत दारोदार हिंडली नसती, तर माझ्यासारख्या दहा अधिकाऱ्यांच्या बदल्या होऊन गेल्या असत्या आणि तो माणूस आतच राहिला असता. तिचे आभार मी तेव्हाही मानले, आजही मानतो.

म्हातारीचे दिवस मात्र सोपे गेले नाहीत. काहीजण म्हणत, इतकी वर्षं लपवलं. काहीजण म्हणत, पोटच्या पोराला धरून दिलं. दोन्हीकडून बोल तिलाच. ड्रायव्हर सुटल्यावर लगेच तिच्याकडे गेला. बायको गेली नाही. तिनं मला स्पष्ट सांगितलं, "साहेब, तिला ठाव होतं आन् गप बसली. माझं सारं तारुण्य गेलं. कावून जाऊ मी?" ती चुकत होती असं मला वाटलं नाही. पुढे केव्हातरी म्हातारी अंथरुणाला खिळली. त्या दिवसांत भाकरी कोण पोचवतं, म्हणून मी शिपाईणीला विचारलं, तर कळलं, ड्रायव्हरची तीच बायको. कशी गेली, का गेली, ते मी विचारलं नाही.

म्हातारी गेली तेव्हा पैलवान तुरुंगात होता. परवानगी यायच्या आत पुतण्यानं अग्नी दिला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं पोलीस प्रशिक्षण केंद्रातल्या माझ्या व्याख्यानात पोरं विचारतात. मी एवढंच सांगतो, की शपथेवर, कोर्टात, भर गावात खोटं बोलणारी माणसं पुष्कळ भेटतात. पण त्याच माणसांच्या घरात एखादी गोष्ट अशी असते, की ती करायला कुणाचा तरी हात धजत नाही. तपास करताना तो हात शोधावा. आणि सापडला, तर त्याला आधी नमस्कार करावा. त्या म्हातारीनं मला पत्ता दिला म्हणून गुन्हा उघड झाला, असं फायलीत लिहिलं आहे. मी मात्र मानतो, की तिनं ते आधीपासूनच सांगायला घेतलं होतं, दर पितृपंधरवड्यात. ऐकायला कुणी नव्हतं.

माझ्या निवृत्तीनंतरच्या पितृपंधरवड्यात ड्रायव्हरचा फोन आला, "साहेब, जेवायला या. ताईंनाबी आणा." ताई म्हणजे माझी ती शिपाईण. आम्ही गेलो. घर सारवलेलं, तव्यावर वडे. ओळीनं तीन पाट मांडले होते आणि तीन पानं वाढली होती. एक ड्रायव्हरच्या बापाचं, एक आईचं.

"हे तिसरं?" मी विचारलं.

"आजीचं," तो म्हणाला. "तिचं पोर आत हाय. कोण वाढणार?"

भावकीतला एक म्हातारा कोपऱ्यातून कुरकुरला, की ती आपल्यातली नाही, परक्या घरचं पान कसं वाढता. ड्रायव्हर त्याच्याकडे वळला. "माझ्या आईच्या शेजारीच मांडलंय, काका. दोघी एका टोळीत होत्या. आईचं काय म्हणणं असंल तर ती तिला सांगंल. तिनं जित्याचं पान वाढलं न्हाई, म्हून मी जित्ता भाईर आलोय."

मग त्याची बायको पुढे झाली. माझ्या शिपाईणीचा हात धरून तिनं तिला तिसऱ्या पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटीत खण-नारळ घातला. कुणालाही बोलण्यात न ऐकणारी ती पोर रडायलाच लागली. डोळे पुसायला तिनं पदर शोधला, तर पदरात नारळ.

"खा बाई," ड्रायव्हरची बायको तिच्या पानात वडा वाढत म्हणाली, "गरम हाय तवर खा. आजीला गार आवडायचं न्हाई."